दरबाराबाहेरचा गवई

दादरा म्हटले की गाण्याबजावण्यात वाढलेल्या माणसास प्रथम सहा मात्रांचा ताल आठवतो, गाव आठवत नाही. तथापि २ ऑगस्ट जवळ आला म्हणजे गवयांनी त्या गावाचीही आठवण काढावी, असे एक कारण आहे. १९५४ साली ह्याच तारखेस सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाले, आणि त्या लढ्यात एक नावाजलेला संगीतकार उतरला होता. तो म्हणजे सुधीर फडके, आपणां सर्वांचे बाबूजी. त्यांच्या चरित्रात ही हकीकत बहुधा शेवटाकडे येते. गाणे एका कप्प्यात, देशभक्ती दुसऱ्या कप्प्यात. आमचे मत निराळे आहे. ज्या कारणाने त्यांचे गाणे तसे घडले, त्याच कारणाने ते सिल्वाशाला जाऊ शकले.

हे समजण्यास आपल्यासारख्या संस्थानी नगरातील वाचकांना फार सायास पडू नयेत. बडोद्याच्या कलावंत कारखान्याची ज्यांच्या घरांत अजून आठवण निघते, त्यांना दरबारी गाण्याची शिस्त ठाऊक आहे. तेथे प्रत्येक गोष्टीची वेळ, जागा आणि मान ठरलेला. फैयाजखाँसाहेब आलाप-धमारापासून ठुमरी-दादऱ्यापर्यंत सारे गात. पण एका ताटातले दुसऱ्या ताटात वाढीत नसत. ह्या शिस्तीने संगीत राखले, हे आम्ही कृतज्ञतेने म्हणतो. तेच अन्न खाऊन आम्ही वाढलो आहोत. परंतु दरबारी गवयाला मालक असे, आणि मालकाच्या परवानगीवाचून त्याला वेशीबाहेर जाता येत नसे. बंदूक घेऊन परक्या सत्तेच्या ठाण्यावर जाणे तर दूरच.

फडक्यांना मालक मिळाला नाही. २५ जुलै १९१९ रोजी त्यांचा जन्म झाला तो कोल्हापुरात, म्हणजे अल्लादियाखाँसाहेब जेथे दरबारी गायक होते त्याच संस्थानी गावात. वामनराव पाध्ये यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. पुढे घरची स्थिती खालावली आणि दरबाराचा नव्हे, रस्त्याचा आश्रय घ्यावा लागला. मुंबईत पोटासाठी पडेल ते काम केले, उपास काढले; मग गाण्याचे कार्यक्रम करीत उत्तर हिंदुस्थान पालथा घालून हा तरुण कलकत्त्यापर्यंत गेला. आज ह्या गावी कोण ऐकणार, उद्या कोठे निजणार, ह्याचा पत्ता नसे. १९४१ साली ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीत आणि १९४६ साली ‘प्रभात’मध्ये बूड टेकले, तोवर भटकंतीने त्यांचा कान पुरता घडविला होता. आपल्या आत्मकथेला त्यांनी ‘जगाच्या पाठीवर’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे.

वाटसरूजवळ निरनिराळी दालने नसतात. जे आहे ते एकाच गाठोड्यात. फडक्यांच्या चालीत कीर्तनकाराची सांगण्याची ढब आहे, नाट्यगीताचा ठसका आहे, ओवीचा संथपणा आहे, रागाची चौकट आहे आणि चित्रपटाने शिकविलेली तीन मिनिटांची काटकसर आहे. ‘भाभी की चूडियाँ’ (१९६१) ह्या चित्रपटातले लताबाईंचे पहाटेचे गीत घ्या. भूप म्हणा की देशकार, ह्यावर आमच्या वर्गात दर वर्षी एकदा तरी भांडण होते. भांडण संपेपर्यंत विद्यार्थ्यांना ते गीत पाठ झालेले असते, हा त्यातला लाभ! त्यांचा गळा काही चमत्कार नव्हता. तानेची आतषबाजी त्यात नव्हती, आणि काही चाली एकमेकींच्या बहिणी वाटतात हेही खरे. परंतु शब्दाचे जोडाक्षर न् जोडाक्षर स्वच्छ पोहोचविण्याचा त्यांचा हट्ट असा की, गाणे ऐकताना ओळ पुन्हा विचारावी लागत नाही. अनोळखी गावात गाणाऱ्याला पहिल्याच खेपेस समजावे लागते; हा हट्ट तेथूनच आला असावा.

असली सरमिसळ इतरत्रही भटक्यांनीच केलेली दिसते. अमेरिकेत खेडवळ गोऱ्यांचे ‘कंट्री’ गीत आणि काळ्या लोकांचे ‘सोल’ ह्यांची दुकानांतली फळीसुद्धा वेगळी असे. रे चार्ल्स ह्या अंध कृष्णवर्णी गायकाने १९६२ साली ती कंट्री गीते आपल्या ढंगात गाऊन फळ्या मोडल्या. आपल्याकडे भावगीतवाल्यांनी ते काम अगोदरच केले होते, पण त्यास आपण ‘सुगम’ म्हणून हिणवीत आलो.

आता सिल्वाशाकडे वळू. नगर हवेलीचा मुलूख मुळात मराठ्यांचा. पेशव्यांशी झालेल्या तहान्वये एका जहाजाच्या भरपाईदाखल तो १७८३ साली पोर्तुगीजांकडे गेला, आणि दादरा त्यांनी १७८५ साली घेतले. वारली, कोकणा, धोडिया ह्यांची वस्ती, दमणगंगेचे खोरे, भोवती सारा स्वतंत्र हिंदुस्थान. २२ जुलै १९५४ रोजी दादरा सुटले, २८ रोजी नरोली. राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे, बाबासाहेब पुरंदरे आदी मंडळींबरोबर फडके ऐन पावसाळ्यात ह्या कामास लागले होते. शस्त्रांना पैसा हवा, तो कोठून आणावा? फडक्यांच्या हाताशी गाणेच होते. पुण्यात लताबाईंचा कार्यक्रम ठरला आणि त्यातून निधी उभा राहिला. संस्थानिकाच्या देणगीवर गाणे चालते हे आपण पाहिले होते; गाण्याच्या देणगीवर मुलूख सोडविण्याचा उद्योग आपणांस नवा होता. २ ऑगस्टला सिल्वासा पडले, ११ रोजी कॅप्टन फिदाल्गो शरण आला. पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात धाव घेतली. १९६० साली निकाल हिंदुस्थानच्या बाजूने लागला आणि १९६१ साली विलीनीकरण झाले.

ह्यानंतर आठ महिने उलटतात न उलटतात तो १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. छप्पन्न गीते, आणि चाली सगळ्या फडक्यांच्या. पावसात भिजलेला तोच माणूस आता आठवड्यागणिक एक चाल बांधीत होता. रामजन्माला मांडाची छटा, लवकुशांच्या गायनाला भूप. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे ह्यांच्यासारखे गळे, आणि पुढे एकट्याने रंगमंचावर गायलेले समग्र रामायण. ते गुजरातीसह अनेक भाषांत त्याच चालींवर गाइले गेले. राजसभेत दोन वाटसरू पोरे येऊन गातात आणि राजाच ऐकत बसतो, हा प्रसंग त्यांच्याइतका अंगावरून गेलेला संगीतकार दुसरा मिळाला नसता. मागाहूनही त्यांनी तो मार्ग सोडला नाही. लिस्बनच्या तुरुंगात पडलेल्या मोहन रानड्यांच्या सुटकेसाठी ते वर्षानुवर्षे खटपट करीत राहिले. १९६९ साली रानडे सुटले. बाबूजी २९ जुलै २००२ रोजी गेले.

एक सूचना करून थांबतो. आपल्या शहरात संगीताचे वर्ग पुष्कळ आहेत, आणि सिल्वासा चार-पाच तासांच्या वाटेवर आहे. पुढील २ ऑगस्टला विद्यार्थ्यांना घेऊन दमणगंगेकाठी जावे, तेथल्या शाळकरी मुलांपुढे ‘गीतरामायणा’तली दहा गीते मराठीत व गुजरातीत गावीत. पेटी आम्ही आणतो. तबलजी मात्र पावसात भिजायला तयार असलेला पाहिजे.