मार्कंड्याची जत्रा सगळ्यांची

महाशिवरात्र आली की मार्कंड्याला जाणाऱ्या एसटी भरून वाहू लागतात. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते, तिथे ही दगडी मंदिरे उभी आहेत. १८७३-७४ च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्यांची नोंद केली. 'विदर्भाचे खजुराहो' हे बिरूद आता सर्वांच्या तोंडी आहे.

पण बिरुदाने चूल पेटत नाही, जत्रेने पेटते. आपल्या झाडीपट्टीत धान कापून झाले की हाताला काम राहत नाही. मोहफूल आणि तेंदूपत्ता पुढे उन्हाळ्यात. या मधल्या रिकाम्या दिवसांत जत्रा भरते आणि फुटाणेवाला, खेळणीवाला, नावाडी, चहावाला अशा सगळ्यांच्या हाती रोकड येते.

जत्रांमध्ये बांगड्या भरणारा मनियार आणि अत्तरवाला पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहेत. म्हणूनच २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुस्लीम व्यापाऱ्यांना बंदी घालण्याचा ठराव केला, तेव्हा मला मार्कंड्याची काळजी वाटली. एक दुकान उठले की जागेचे भाडे बुडते, शेजारच्या चहाचे गिऱ्हाईकही जाते. नुकसान एकट्या मुसलमानाचे होत नाही.

आपल्यातही काहीजण विचारतात, दुसऱ्यांच्या जत्रेत आपले काय काम? त्यांनी सूरह बकराची १९८वी आयत वाचावी. खुद्द हजच्या दिवसांत रोजी कमावण्यात गुन्हा नाही, असे तिथे सांगितले आहे. व्यापार म्हणजे इबादत नव्हे. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी, बाजार सगळ्यांचा. हाच न्याय आपल्या उरुसालाही लागू आहे. दर्ग्यापुढे फुले विकणाऱ्या हिंदू भावाची जागा सांभाळणे आपले काम आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. मुख्य मंदिराच्या दुरुस्तीचे काम कित्येक वर्षे रखडले, ते तडीस न्यावे. पडझड बघायला पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. दुकानांच्या जागा उघड सोडतीने, पावती देऊन वाटाव्यात. आरमोरीचा कोसा आणि बुरडांच्या बांबूच्या वस्तू यांना वेगळी रांग द्यावी. रात्री झाडीपट्टीचे नाटक असावे, म्हणजे माणसे मुक्कामाला थांबतील. गावातल्या शिकलेल्या पोरापोरींना मंदिरांची माहिती सांगण्याचे काम वर्षभर मिळावे.

शिल्पे दगडाची आहेत, ती थांबतील. हंगाम बुडालेला दुकानदार मात्र पुढच्या वर्षी परत येत नाही.