सुरक्षिततेची शपथ आणि रोजंदारीचा हिशेब

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. बांधकामांवर फलक लागतात, मजुरांना रांगेत उभे करून शपथ दिली जाते आणि अपघातांचे ठरावीक निदान पुन्हा ऐकविले जाते : मजूर बेफिकीर आहे, त्याला प्रेरणा दिली पाहिजे.

हे निदान घटनांच्या कसोटीला उतरत नाही. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला संरक्षक भिंत कोसळून १५ जण मेले. मजुरांची ती कुटुंबे भिंतीलगतच्या झोपड्यांत झोपली होती. १ ऑगस्ट २०२३ रोजी समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूरजवळ, गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळून २० बळी गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठाण्यात एका उंच इमारतीची लिफ्ट कोसळून ७ मजूर दगावले. झोपलेल्या माणसांनी कोणती दक्षता घ्यावयाची होती?

मजूर पुष्कळदा पट्टा बांधत नाही, हे खरे. परंतु उक्त्या कामात पट्टा बांधण्या-सोडण्यात गेलेला वेळ त्याच्याच मजुरीतून जातो. परांची कच्ची आहे म्हणून बिगाऱ्याने चढण्यास नकार दिला, तर मुकादम त्याचा खाडा मांडतो आणि उद्या नाक्यावरून दुसरा माणूस आणतो. धोका पत्करणे हा अडाणीपणा नव्हे. तो पोटाचा हिशेब आहे. अशा स्थितीत 'अपघातमुक्त दिवसां'ना बक्षिसे लावली, तर जखमा टळत नाहीत, लपविल्या जातात.

पैशाची वाण होती असेही नाही. १९९६ च्या कायद्यान्वये बांधकाम खर्चावर कल्याण उपकर बसला. त्यातून ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले आणि खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्यांची जागा श्रमसंहितांनी घेतली आहे. गंभीर धोक्याची खबर मालकाला व निरीक्षकाला देण्याचा अधिकार सुरक्षा संहितेत आहे. पण एकट्यादुकट्या रोजंदाराने तो वापरावा कसा?

म्हणून कार्यकर्त्यांचे काम नाक्यावरच सुरू होते. प्रत्येक मजुराची मंडळात नोंदणी, हजेरीचा लेखी पुरावा, भरपगारी वेळेत प्रशिक्षण, सुरक्षा समितीत मजुरांनी निवडलेले प्रतिनिधी आणि धोक्यामुळे थांबलेल्या कामाची पूर्ण मजुरी, या मागण्या एकत्र लढविल्या पाहिजेत. नकार दिला तरी चूल पेटेल, अशी खात्री मजुराला झाली की सुरक्षिततेची वेगळी प्रेरणा देण्याची गरज फारशी उरणार नाही.