दहा लाखांचे कार्ड आणि खाडीचे पाणी

गुजरात सरकारने जुलै 2023 पासून आयुष्मान कार्डावरील संरक्षण वर्षाला 5 लाखांवरून 10 लाखांवर नेले. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण आरोग्यसेवा सुधारली असे त्यावरून म्हणायचे असेल, तर सुरतच्या पर्वत पाटियात खाडीपूर ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस बघावेत. खानदेशातून येऊन लूमवर किंवा साड्यांच्या मार्केटमध्ये राबणाऱ्या माणसाला ताप भरतो, तेव्हा तो जवळच्या खासगी डॉक्टरकडे जातो, रक्त तपासून घेतो, सलाईनची एक बाटली लावतो, मेडिकलमधून गोळ्या आणतो. शिवाय रोज बुडतो तो वेगळाच. यातला एक रुपयाही ते दहा लाखांचे कार्ड देत नाही. ते दाखल झालेल्या रुग्णाचे बिल भरते आणि फार तर दाखल होण्याआधीच्या तीन व घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च.

पैसा दाखल होण्यावरच मिळत असेल तर दाखल करण्याकडेच ओढ वाढते. नोव्हेंबर 2024 मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात शिबिर घेतले, 19 जणांना शहरात आणून अँजिओग्राफी केली, सात जणांना स्टेंट बसवले. दोघे दगावले. गरज नसताना हे केल्याचा ठपका सरकारी चौकशीत बसला आणि रुग्णालय योजनेतून बाद झाले. कारवाई योग्यच होती. पण त्या गावकऱ्यांना आधीपासून ओळखणारा, ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे सांगणारा सरकारी डॉक्टर मध्ये असता, तर तपासणीची गाडी शहरापर्यंत गेलीच नसती.

यावर रास्त आक्षेप असा की हृदयशस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार वस्तीतल्या केंद्रात होत नाहीत आणि तिथे विमाच घर वाचवतो. हे खरेच आहे. म्हणून कार्ड काढून घ्या असे कुणी म्हणू नये. प्रश्न क्रमाचा आहे: आधी वस्तीतली सरकारी सेवा, मग विमा. त्या सेवेसाठी पैसा मात्र ठरल्याप्रमाणे आला नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के वाटा लोक स्वतःच्या खिशातून भरत होते.

दुसरा आक्षेप, सरकारी यंत्रणेला हे जमणार नाही, हा तर सुरतेत टिकतच नाही. सप्टेंबर 1994 च्या प्लेगमध्ये लाखो लोक हे शहर सोडून पळाले होते. पुढच्याच वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले, कचरा आणि गटारे हाती घेतली, आणि थोड्याच काळात सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत मोजले जाऊ लागले. ते विम्याने झाले नव्हते. आज पर्वत पाटियासाठी मागायचे ते तेवढेच साधे आहे: खाडीचा निचरा, बारा तासांची पाळी सुटल्यावरही उघडे असणारे महापालिकेचे केंद्र, तिथे रक्ततपासणी, आणि महिनाभर पुरतील अशा मधुमेह-रक्तदाबाच्या फुकट गोळ्या.