टोकन देण्याआधी खालच्या मजल्यावर जा

जुना फ्लॅट बघायला जाणारी माणसं हल्ली तयारीनं जातात. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची ना हरकत, पार्किंग, दिशा, सगळं विचारून घेतात. बाथरूममध्ये मात्र नुसतं डोकावतात, "टाइल्स बदलाव्या लागतील" म्हणतात आणि बाहेर पडतात. आयुष्यभराची कमाई ओतताना ही घाई परवडत नाही. टाइल्स आवडीच्या बसवता येतात, पण भिंतीत दडलेला पाइप बिघडला तर अख्खी भिंत फोडावी लागते.

म्हणून माझं पहिलं सांगणं : घर बघायला पाण्याच्या वेळेत जा, तेही सकाळी. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बहुतेक इमारतींत जीआयचे पाइप आहेत. ते आतून गंजत जातात आणि पाण्याची वाट अरुंद होते. रात्रभर बंद असलेल्या नळाचं पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत धरा. ते तांबूस आलं तर गंज कुठे आहे हे शोधायलाच हवं. सिंकखालचा अँगल कॉक फिरवून बघा. अनेक घरांत तो वर्षानुवर्षं हलवलेला नसतो आणि नेमकी गळती लागली की जाम निघतो. बाहेर नवा सीपीव्हीसी पाइप दिसला म्हणून खूश होऊ नका, भिंतीतला बदललाय का ते विचारा. शेवटच्या मजल्यावर असाल तर शॉवर आणि बेसिनचा नळ एकदम सोडा. गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खाली आलं की जेमतेम एक किलो दाब मिळतो. टाकी डोक्यावर तीनच मीटर असेल तर शॉवरला जोर येणार कुठून?

गिझर जुना निघाला तर नवा घेता येतो, त्यासाठी घर नाकारू नये. पण तो पाण्याबद्दल बरंच सांगून जातो. जोडावर पांढरे खडे जमलेत, तापताना आतून खडखड येतेय, म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. तो क्षार कॉइलवर बसतो आणि कॉइल जळते. गिझर चालू करून तिथेच थांबा. पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा गिझर साधारण वीस मिनिटांत पाणी कडक तापवतो. मग दिवा आपोआप बंद झाला पाहिजे. खाली सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना, तेही बघा. तापताना त्यातून थेंब येतात, म्हणून काही जण तो बुच मारून बंद करतात. असं कधीच करू नये, कारण टाकीतला वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गिझर दिसला तर तो काढायलाच लावा. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अंघोळीला गेलेली माणसं त्यानं दगावली आहेत.

पण बाथरूमची खरी हकिकत कळते ती खालच्या घरात. कोथरूडमध्ये भाचीसोबत फ्लॅट बघत होते. बाथरूम चकचकीत होतं. मी म्हटलं, "चल, खाली जाऊन येऊ." तिला संकोच वाटला, "मावशी, ओळख नसताना?" खालच्या काकूंनी दार उघडलं, कशाला आलो ते ऐकलं आणि थेट बाथरूममध्येच नेलं. छताला पिवळट कडांचे डाग होते, रंगाचे पोपडे सुटलेले. वरच्या नहाणी ट्रॅपच्या बरोबर खाली प्लास्टिकचा ट्रे तारेनं टांगलेला, आणि ट्रेमधून एक नळी मोरीत सोडलेली. "मालक इथे राहत नाहीत, भाडेकरू म्हणतात मालकांना सांगा," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती सोसायटीनं बघायची, पण संडास-बाथरूम-सिंकची अंतर्गत गळती ज्याची त्यानं. घर तुमच्या नावावर झालं की काकूंचा तो ट्रे तुमचा. नव्या इमारतीत रेराच्या कलम 14चा आधार असतो, ताब्यापासून 5 वर्षांत दिसलेला बांधकामातला दोष बिल्डरनं 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. तीस वर्षं जुन्या घराला तो आधार नाही. तिथे टाइल्स काढा, कोबा फोडा, नव्यानं वॉटरप्रूफिंग करा, आणि तोवर घरातल्यांनी अंघोळ कुठे करायची ते ठरवा.

भाचीनं घर सोडलं नाही. एजंटचा नव्हे, आमचा प्लंबर नेला. दुरुस्ती विक्रेत्यानं करायची, नंतर ट्रॅपला बुच मारून चोवीस तास बाथरूममध्ये पाणी साठवायचं, खाली थेंब आला नाही तरच पुढचे पैसे, असं विसार पावतीतच लिहून घेतलं. काकूंच्या छताच्या रंगाचा खर्चही त्यात घातला.