पाचही बोटं सारखी नसतात

फायनल इयर प्रोजेक्टचे विषय ठरायची वेळ आली की कॉलेजात एकच हवा असते. रोबोटिक आर्म, ड्रोन, नाहीतर स्मार्ट काहीतरी! यंत्राला हात द्यायची आपल्याला केवढी घाई! पण माणसाचं मोडलेलं बोट नीट जुळावं यासाठी चांगली स्प्लिंट करू या, असं कुणी म्हटलं तर कट्ट्यावर हसू होईल. "एवढीशी पट्टी, त्यात कसलं इंजिनिअरिंग?" माझं म्हणणं असं की त्यात भरपूर इंजिनिअरिंग आहे, आणि ते करायला विश्रामबागसारखी जागा नाही.

आधी त्यातलं मेकॅनिक्स बघा. मूठ वळल्यावर जे उंचवटे दिसतात, तिथल्या हाडाचं टोक पूर्ण गोल नसतं, ते कॅमसारखं असतं. बोट सरळ असताना या सांध्याच्या बाजूचे अस्थिबंध सैल असतात, वाकवलं की ताणले जातात. सैल स्थितीत हात कित्येक आठवडे बांधून ठेवला तर ते तसेच आखडतात आणि नंतर मूठच वळत नाही. म्हणून हाताला प्लास्टर घालताना डॉक्टर शक्यतो हा सांधा ७० ते ९० अंशात वाकवून आणि पुढचे दोन सांधे सरळ ठेवतात. टीओएममध्ये कॅमची डायग्रॅम घोटून घोटून काढणाऱ्या आपल्याला हे कुणी सांगितलं होतं का?

आता दुसरी दुखापत घ्या. कबड्डीत किंवा झेल घेताना बोटाच्या टोकावर दणका बसतो आणि शेवटचं पेर खाली लोंबतं. इथे फक्त टोकाचा सांधा सरळ ठेवायचा, मधला मोकळा सोडायचा. तेही सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. मधेच एकदा जरी पेर खाली पडलं तरी बहुतेक वेळा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात! म्हणजे दुखापत वेगळी की स्प्लिंटही वेगळी. पाचही बोटं सारखी नसतात ती अशी.

खरी गोची पुढेच आहे. स्प्लिंट कागदावर कितीही सुंदर असो, ती माणसाच्या बोटावर सहा आठवडे टिकली पाहिजे. धारा काढणारी बाई, कपबशा विसळणारा पोऱ्या, हळदीची पोती उचलणारा हमाल यांनी हात कोरडा कसा ठेवायचा? आत पाणी साचतं, कातडी पांढरी पडते, खाज सुटते, आणि पेशंट ती पट्टी काढून ठेवतो. आपण त्याला अडाणी म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, दोष डिझाइनचा आहे. शिवाय सुरुवातीला बोट सुजलेलं असतं, सूज उतरली की तीच पट्टी ढिली होते. वेल्क्रोत धूळ अडकली की तो चिकटत नाही. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएची स्प्लिंट काढून फोटो टाकणं सोपं आहे, पण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती ठेवून बघा!

हे काम आपल्याकडच्या माणसांना जमत नाही असंही नाही. मुंबईचे हस्तशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांची 'जेस' ही पद्धत पाहा. हाडात बारीक तारा घालायच्या आणि त्या बाहेरून दांड्या व जोडण्यांनी बांधायच्या. सुटसुटीत आणि कमी खर्चाची. मोडलेलं हाड स्थिर राहतं आणि शेजारचे सांधे हलवता येतात. पुढे वाकड्या पावलांच्या बाळांसाठीही ती वापरली गेली. डॉक्टरांनी पेशंटचा हात पाहून यंत्र केलं, यंत्र आधी करून पेशंट शोधला नाही. हा क्रम महत्त्वाचा.

आपल्या कॉलेजच्या एका बाजूला सांगलीचं मार्केट यार्ड, दुसऱ्या बाजूला मिरजेचे दवाखाने आणि सरकारी मेडिकल कॉलेज, आणि जवळच कुपवाडची एमआयडीसी, जिथे पॉवर प्रेसवर रोज हजारो बोटं राबतात. दुखणं, डॉक्टर आणि वर्कशॉप, तिन्ही सहा आसनी रिक्षाच्या अंतरावर! मग पहिला महिना सॉलिडवर्क्स न उघडता मिरजेच्या ओपीडीबाहेर बसायला काय हरकत आहे? पेशंट पट्टी कधी काढतो, का काढतो, हे विचारा आणि लिहून घ्या. नमुना आधी स्वतःच्या धडधाकट बोटावर आठवडाभर वापरा, भांडी घासा, आंघोळ करा. पेशंटच्या बोटाला मात्र डॉक्टर आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

आणि मार्क कशाला द्यायचे? व्हायव्हाच्या दिवशी स्प्लिंट किती चकचकीत दिसते याला नाही, तर सहाव्या आठवड्यातही ती बोटावर होती का, याला. वाकडं जुळलेलं बोट आपल्याला किरकोळ वाटतं. पण ज्याचं पोट हातावर आहे, त्याची मूठ वळली नाही तर घरची चूल अडते. रोबोटचा हात थोडं थांबेल, मित्रांनो. आधी हे बोट सरळ करू या.