पडद्यावरचा रझाकार, कपाटातला अहवाल
निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्यामुळे २०२४ साली आलेला ‘रझाकार’ हा तेलुगू चित्रपट लातूर जिल्ह्यातल्या आम्हा चाकूरकरांना परका नाही. रझाकारांचा जुलूम खरा होता, पडद्यावर यायलाच हवा. पण पूर्ण यावा. ‘इमरोज’ या वृत्तपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये, रात्री घरी परतताना मारेकऱ्यांनी गाठले, लिहिता हात तोडला, जीव घेतला. भारतात विलीन व्हा म्हणणारा हा मुसलमान पत्रकार ज्या कथेत मावत नाही, ती आमच्या मुक्तिसंग्रामाची कथाच नव्हे.

आणि १७ सप्टेंबरला भारतीय लष्कराच्या ‘पोलीस कारवाई’ने संस्थान मुक्त झाले, त्यानंतरचे काय? पोलीस कारवाईदरम्यान व नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा अंदाज पंडित सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात दिला. बळी मुख्यतः मुसलमान; सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. सरकारने हा अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला. सिनेमानेही तो दाबायचा का?

‘सत्यघटनेवर आधारित’ अशी पाटी लावणाऱ्याने कोणते प्रसंग कल्पित, हे पडद्यावरच सांगावे. कारण झेंडावंदनाला रांगेत उभी राहणारी आमची पोरे आता इतिहास मोबाइलवरच्या सिनेमातून शिकतात.