सुट्टीचा पाहुणा आणि शेतकऱ्याचे हित

शहरातील मनुष्यास आठवड्यातून दोन दिवस शहराबाहेर पडावेसे वाटते, यात नवल काही नाही. पाच दिवस बंद खोलीत बसून काम करावयाचे आणि गर्दीच्या गाडीत उभे राहून घरी परतावयाचे, असा ज्याचा क्रम, त्यास शनिवार उजाडला म्हणजे डोंगर दिसावा, मोकळी हवा मिळावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पूर्वी हवापालटासाठी माथेरान-महाबळेश्वरास जाण्याची चाल थोड्या श्रीमंतांपुरती होती. आता मोटार घरोघर झाली. शुक्रवारी रात्री निघावयाचे व रविवारी रात्री परत यावयाचे, हा मध्यम स्थितीतील कुटुंबांचाही परिपाठ होऊन बसला आहे.

या पाहुण्यास दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. दिवसा त्यास गड चढावयाचा असतो, ओढा ओलांडावयाचा असतो, रात्री तंबूत निजून चांदण्या पाहावयाच्या असतात. त्याच वेळी गरम पाणी, कोरडा बिछाना, स्वच्छ शौचकूप व वेळेवर जेवण हेही त्यास पाहिजे असते. धाडस दोन घटकांचे आणि आराम रात्रभराचा, असा हा हिशेब आहे. यास कोणी हसू नये. कारण या इच्छेवरच आज मोठा व्यापार उभा राहिला असून तो शेतकऱ्याच्या जमिनीवर, त्याच्या पाण्यावर आणि त्याच्या डोंगराच्या जोरावर चालला आहे. त्या व्यापारात शेतकऱ्याचे स्थान कोणते, तो यजमान की पहारेकरी, हा प्रश्न आपल्या संघापुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नांदगावास हा प्रश्न अगदी नवा नाही. रेल्वे १८६० च्या दशकात आपल्या भागात आली. पुढे कित्येक वर्षे वेरुळची लेणी पाहावयास जाणारे देशी व विलायती प्रवासी आपल्याच स्टेशनावर उतरत. येथून टांगा करून, घाट चढून ते वेरुळास व औरंगाबादेस जात. १९०० च्या सुमारास मनमाडहून निजामच्या राज्यातून जाणारा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा प्रवाशाने आपली वाट बदलली आणि नांदगावचा हा ओघ आटला. टांगेवाल्याचे भाडे बुडाले, घोड्यांना दाणा-वैरण विकणाऱ्याचे गिऱ्हाईक गेले. गावाशी त्या प्रवाशाचा संबंध वाटेपुरताच होता. जो पाहुणा केवळ वाटसरू आहे, तो वाट बदलली की जातो. जो गावासाठी म्हणून येतो, तोच पुन्हा येतो. हा धडा आपल्याच गावाच्या इतिहासात असताना तो दुसरीकडून शिकण्याचे कारण नाही.

सुट्टीच्या पाहुण्याचा एक जुना प्रकारही शेतकऱ्यास ठाऊक आहे. इंग्रजी अमदानीत थंडीच्या दिवसांत साहेबांची स्वारी जिल्ह्यात फिरतीवर निघे. गावाबाहेरच्या आमराईत तंबू पडत, शिकार होई, आणि रात्री मेजवर पांढरा कपडा घालून जेवण होई. आराम व साहस यांची सांगड त्या लोकांनी उत्तम घातली होती. पण दूध, कोंबडी, गवत, लाकूडफाटा आणि गाड्या गावाने पुरवावयाच्या, पाणी वेठीने भरावयाचे, आणि मोबदला मिळाला तर मिळाला. आज वेठ गेली व पाहुणा रोख पैसे मोजतो, हे खरे. परंतु तो पैसा मधल्यामध्ये अडून गावाच्या हाती केवळ मजुरी पडत असेल, तर वेठीचे रूप बदलले, इतकेच म्हणावे लागेल.

इतर ठिकाणी काय घडले ते पाहू. मावळ तालुक्यात पवना धरणाच्या काठी आता तंबूंच्या रांगा लागतात. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या त्यांच्याच मुलांपैकी काहींनी हा धंदा चालविला, ही गोष्ट कौतुकाची आहे. पण तंबू वाढले तसे रात्रीचे ढोल-ताशे व मद्यपान यांच्या तक्रारीही वाढल्या. अकोले तालुक्यात, भंडारदरा व पुरुषवाडीच्या परिसरात, पावसापूर्वीच्या दिवसांत झाडे काजव्यांनी लखलखतात. पुरुषवाडीच्या गावकऱ्यांनी पाहुण्यांस आपल्या घरी उतरवून, जेवू घालून व स्वतः वाट दाखवून चार पैसे मिळविले. भंडारदऱ्याकडे मात्र मोटारींची इतकी दाटी झाली, की वनखात्यास रात्रीच्या वाहनांवर निर्बंध घालावे लागले. काजव्याचा प्रकाश ही नर-मादीची परस्परांस दिलेली खूण होय. मोटारीच्या दिव्यात ती खूणच दिसेनाशी होते. पाहुणा ज्यासाठी येतो तेच त्याच्या येण्याने नाहीसे होऊ लागले, तर तो धंदा फार दिवस टिकावयाचा नाही.

तिसरी गोष्ट जीविताची आहे. लोणावळ्यास भुशी धरणाच्या पाण्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चौघांचे प्राण गेले. शहरातील मनुष्यास डोंगरातील पाण्याची रीत ठाऊक नसते. वरच्या अंगास पाऊस झाला म्हणजे कोरडा ओढा किती वेळात भरतो, हे गुराख्याचे पोर सांगू शकते. ते ज्ञान विकत घेण्यासारखे आहे, आणि त्याची किंमत मागण्यात शेतकऱ्याने संकोच बाळगू नये.

आता आपल्या भागाकडे वळू. मनमाडजवळची अंकाई-टंकाई ही जोडकिल्ल्यांची जागा, टंकाईच्या पोटातील जैन लेणी, माणिकपुंजचा लहानसा किल्ला, नस्तनपूरचे शनिमंदिर, जातेगावचा पिनाकेश्वर, गिरणा धरणाचा जलाशय, ही सर्व स्थळे एका दिवसाच्या पल्ल्यात आहेत. थोडे पुढे गेले म्हणजे गौताळा-औट्रमघाटाचे अभयारण्य व इसवी सनापूर्वीची पितळखोऱ्याची लेणी आहेत. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. तेथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिला होता, हे तेथील शिलालेखावरून कळते. मुंबईहून थेट रेल्वे आहे. पाऊस पडून गेला की सातमाळ्याची रांग हिरवी होते आणि थंडीत आकाश स्वच्छ असते. बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी हे आपले रोजचे अन्न शहरात लोक दाम मोजून खातात. म्हणजे पाहुणा येण्याजोगे येथे पुष्कळ आहे. तो येण्यापूर्वीच आपण तयारी करावी, हे बरे.

तयारीचा पहिला भाग जमिनीसंबंधी आहे. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी केली असल्यामुळे जमीन कशी हातची जाते, याचा क्रम त्याने फेरफारांच्या नोंदींत पाहिला आहे. रस्त्यालगतचा किंवा डोंगराच्या पायथ्याचा मुरमाड तुकडा प्रथम विकला जातो, कारण त्यात पीक येत नाही. त्या पैशांतून लग्नकार्य होते किंवा कर्ज फिटते. नंतर घेणाऱ्यास वाट हवी असते, मग विहिरीजवळची जागा हवी असते. काही वर्षांनी सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे असते, आणि मूळ मालक त्याच फाटकावर पगारी राखणदार असतो. १९४८ च्या कूळकायद्याने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन देण्यास आडकाठी घातली. पण शहरातील पुष्कळ गृहस्थांच्या नावे वडिलोपार्जित तुकडा कोठेतरी असतोच, व ते कायद्याने शेतकरीच ठरतात. तेव्हा कायद्यावर विसंबून चालणार नाही. ज्या मुरमाड तुकड्यात बाजरीही येत नाही, त्यावरच तंबू उत्तम उभा राहतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तो विकू नये.

दुसरा भाग पाण्यासंबंधी. आपला तालुका पर्जन्यछायेतील. गिरणेचे मोठे धरण तालुक्याच्या हद्दीत १९६९ साली पुरे झाले, तरी त्याचे कालवे मुख्यतः जळगाव जिल्ह्याकडे वळले आहेत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आपल्या परिचयाची आहेत. खेड्यात दरडोई रोज ५५ लिटर पाणी द्यावे, असे सरकारी प्रमाण. शहरासाठी ते १३५ लिटर. दहा पाहुणे दोन दिवस राहिले व शहरी रीतीने वागले, तर २,७०० लिटर पाणी लागेल. हे भागविता येण्यासारखे आहे. १०० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ४०,००० लिटर पाणी मिळते. ते हौदात साठविल्यास सुमारे तीनशे पाहुण्यांची एकेका दिवसाची सोय होते.

परंतु हल्लीच्या पाहुण्यास पोहण्याचा तलाव हवा असतो, असे काही जण सांगतात. त्याचाही हिशेब करू. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व दीड मीटर खोल तलावास ७५,००० लिटर पाणी लागते. म्हणजे १०,००० लिटरचे साडेसात टँकर, किंवा साडेचारशे वस्तीच्या गावाचे तीन दिवसांचे पाणी. ज्या गावात बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या आहेत, तेथे भिंतीआड असा तलाव चकाकत असेल, तर तो पाहुणा गावाचा शत्रूच ठरेल. तेव्हा नियम साधा असावा: बिछाना द्यावा, गरम पाण्याची बादली द्यावी, तलाव देऊ नये.

तिसरा भाग व्यवस्थेचा. एकट्या शेतकऱ्याने कर्ज काढून खोल्या बांधल्या व दोन पावसाळे पाहुणे आले नाहीत, तर कर्जाखाली शेत जाईल. हे काम संघानेच हाती घ्यावे. बारामतीजवळ पळशीवाडी येथे २००५ पासून कृषी पर्यटनाचा संघटित प्रयत्न चालला. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली मोरांमुळे व शेतकऱ्यांच्या पाहुणचारामुळे नावारूपास आली. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात एकट्या शेतकऱ्याप्रमाणेच कृषी सहकारी संस्थांसही पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून केंद्र चालविता येते. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणान्वये दोराने कडा चढविणे वगैरे प्रकारांसाठीही नोंदणी व शिकलेले मदतनीस पाहिजेत. ही अट जाचक वाटली तरी हिताची आहे.

पाहुण्यांची वाटणी कशी करावी, याचा नमुना आपल्या शेजारीच आहे. मोसम, आरम व पांझरा या नद्यांच्या काठी आपल्या पूर्वजांनी फडपद्धती चालविली. बंधाऱ्याचे पाणी कोणा एकाचे नव्हते. पाटकरी ठरलेल्या पाळीने ते प्रत्येकाच्या वाफ्यात सोडी, आणि पाळी मोडणाऱ्यास गाव जाब विचारी. पाहुण्यांच्या बाबतीतही तेच करावे. दहा घरांनी एकेक खोली व एक स्वच्छ शौचकूप तयार ठेवावे. संघाने दर ठरवावा, पैसे संघाकडे जमा व्हावेत, आणि पाळीप्रमाणे पाहुणा ज्याच्या घरी जाईल त्यास त्याचा हिस्सा मिळावा. वाटाड्याचे काम गावातील शिकलेल्या तरुणांस द्यावे. रात्री दहानंतर वाद्य नाही, डोंगरात मद्य नाही, कचरा परत न्यावयाचा, या अटी आगाऊ कळवाव्यात. ज्यास त्या मान्य नाहीत त्याने अन्यत्र जावे. स्वयंपाकाचे काम बहुतेक घरच्या स्त्रीवर पडणार; तेव्हा जेवणाचा पैसा तिच्याच खात्यात जमा व्हावा. नाहीतर शेतातील कामापाठोपाठ ही दुसरी वेठ तिच्या वाट्यास येईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की शेतकऱ्याने खाणावळ चालविणे कमीपणाचे आहे. ज्याच्या दारातून भुकेला परत गेला नाही, अशी ज्या घराची कीर्ती, त्या घरास पाहुणचारात कमीपणा कसला? कमीपणा आपल्या जमिनीवर दुसऱ्याचे फाटक उघडण्यात आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाहुण्यांच्या नादाने शेती मागे पडेल, असे जाणते लोक म्हणतात. हे भय खोटे नाही. म्हणूनच या उत्पन्नास जोडधंद्याच्या पलीकडे जाऊ देऊ नये. पेरणी व काढणी यांच्या ऐन दिवसांत पाळी बंद ठेवावी. पाहुणा जे पाहावयास येतो ते उभे पीक होय. ते नसेल तर तंबू आणि मोकळे माळरान यांत त्याला काय दिसणार? ज्या वर्षी पैसेवारी घसरेल त्या वर्षी या पैशाने मुलांची फी व गुरांची वैरण निघाली, तरी पुष्कळ झाले. त्याहून मोठी आशा कोणी दाखविल्यास तिच्यावर विश्वास ठेवू नये.

संघाच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. प्रारंभ म्हणून एकाच गावाची निवड करावी, पाच घरे तयार करावीत, आणि एक हिवाळा हिशेब ठेवून पाहावा: किती पाहुणे आले, किती पाणी लागले, किती पैसा गावात राहिला. पाण्याचा आकडा जड झाला तर काम थांबवावे. पैशाचा आकडा बरा दिसला तर आणखी पाच घरे घ्यावीत. मात्र तोपर्यंत डोंगराच्या कडेचा तुकडा विकण्यासाठी कोणाचे मन वळविले जात असेल, तर त्याने सही करण्यापूर्वी संघाकडे यावे.